दोन चमचे पाणी

लोक माझ्याकडे इंजिन घेऊन येतात आणि ते टेबलावर ठेवायच्या आधीच बोलायला लागतात, हे मला मुळीच खपत नाही. आजोबांचं होतं, शंभर वर्षं जुनं आहे, कुणा बड्या माणसानं बक्षीस दिलं होतं. मी म्हणतो, ठेवा इथं आणि गप्प बसा. खेळण्यातलं असलं तरी वाफेचं इंजिन आपली हकिगत स्वतःच सांगतं. मी आधी धुराडं बघतो, मग उलटं करून बुडाचे स्क्रू बघतो, शेवटी बर्नर. बहुतेकांचा बर्नर कधीच हरवलेला असतो आणि दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचा आणून खाली कोंबलेला असतो. स्क्रूच्या खाचेत ओरखडा दिसला की समजायचं, कुणीतरी उघडलंय. रंगाखाली रंग दिसला की कुणा शहाण्यानं ते नवं केलंय. मग मी तसं तोंडावर सांगतो. त्यापायी माझी बरीच माणसं तुटली, पण चाळीस वर्षांत एकाही इंजिनाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो आणि त्याचा मला माज होता.

नोकरी मात्र खऱ्या वाफेतली केली. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं मी बॉयलर सांभाळला. पाळी सुरू झाली की पहिलं काम ठरलेलं. सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा ओढायचा. आत वाफेचा दाब वाढला तर ती वाफ बाहेर सोडणारी ही झडप, आणि ती अडकून बसली तर बॉयलरचा बॉम्ब व्हायला वेळ लागत नाही. दांडा ओढला, फुस्स आवाज झाला, की मगच बाकीचं काम. अंगात ताप असताना मी तो ओढला, बायको गेली त्या आठवड्यातही ओढला. एकदासुद्धा विसरलो नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला असं वाटायला नको की बिचाऱ्याला माहीत नसेल.

माझे व्याही शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात, त्यांचा मुलगा आणि सूनसुद्धा. आमची ओळख झाली ती भांडणातून. एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथं एकाच इंजिनाचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं माझ्या. मी जरा निरखून बघितलं आणि म्हणालो, याचं चाक बदललेलं आहे, तुम्हालाच लखलाभ होवो. दुसरा कुणी असता तर चिडला असता. हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन माझ्या दारात हजर, कसं ओळखलंत ते सांगा म्हणून. मग दर रविवारी यायला लागले. पुढे मुलाला बरोबर आणायला लागले, आणि एक दिवस माझ्या लेकीनं सांगितलं की तिला त्या मुलाशी लग्न करायचंय. मी मास्तरांना विचारलं, तुम्ही इंजिनं बघायला येत होतात की मुलगी? ते म्हणाले, व्याहीबुवा, तपासून घेतलीय, अस्सल आहे, एकही भाग बदललेला नाही. तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

लेक बस चालवायची. लहानपणापासून माझ्या टेबलाशी बसून चाकं आणि दट्टे बघत वाढलेली, तिला मोठं यंत्र हातात हवं होतं. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा सगळ्यात लांब मार्ग तिच्याकडे होता. एकदा मी तिच्या बसमध्ये बसलो, तर तिनं आरशातून बघून सगळ्यांदेखत सांगितलं, काका, पुढे सरका. मला काय अभिमान वाटला होता.

आता त्या इंजिनाबद्दल. मास्तरांना ते एका जुन्या घड्याळवाल्याकडे मिळालं. वीतभर लांबीचा आडवा पितळी बॉयलर, खाली पत्र्याची भट्टी, तिच्यावर विटांची नक्षी रंगवलेली, बाजूला दट्ट्या आणि लाल चाक. बुडावर दोन चाकं आणि चांदणी असा ठसा. त्या कारखान्याची इंजिनं मी आयुष्यात सहाच बघितली होती. मी अर्धा तास घेतला. धुराडं मूळचं, स्क्रू न हललेले, बर्नर जोडीचाच, रंगाला कुणाचा हात लागलेला नाही. फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह भलताच होता. जाड, सहा कोनांचा, कुठल्यातरी दुसऱ्या यंत्रातून काढून बसवलेला. आधीच्या कुणा मालकानं ते इंजिन खरोखर चालवलं असणार आणि मूळचा व्हॉल्व्ह काम देईना म्हणून त्यानं हा लावला असणार. एवढं मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी त्याला नावं ठेवली. एवढ्या देखण्या इंजिनाच्या डोक्यावर हे काय गाठोडं ठेवलंय, असं म्हणालो.

माझ्या खणात त्याच कारखान्याचा एक व्हॉल्व्ह होता. मोडीत निघालेल्या इंजिनावरून काढून जपून ठेवलेला. बोराएवढा, पितळी, आत स्प्रिंग आणि छोटी गोळी, वरची कड कारखान्यातच ठोकून कायमची बंद केलेली. आटे जुळले. तीन वेळा फिरवला आणि बसला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, आता हे शंभर टक्के अस्सल झालं, घ्या लिहून.

तो व्हॉल्व्ह मी तपासला नाही. तपासायचा तर दोनच मार्ग. एक म्हणजे ठोकलेली कड उचकटून आत बघायचं. पण मग कडेवर हत्याराची खूण राहते, आणि खूण राहिली की जुनी इंजिनं जमवणाऱ्या आमच्या लोकांत त्या वस्तूची पत जाते. दुसरा मार्ग बॉयलरात पाणी भरून वाफ करून बघायचा. पण इंजिन दिसायला कोरं होतं, आधीच्या मालकानं भट्टीची काजळीही पुसून ठेवली होती, आणि असं इंजिन पुन्हा मिळत नाही. शिवाय मास्तर इंजिनं चालवत नसत. कपाटात ठेवायचे, चारी बाजूंनी चित्रं काढायचे, झालं. मी स्वतःला सांगितलं, शोभेच्या वस्तूला काय करायचाय दांडा ओढून. खऱ्या बॉयलरपुढं असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला खोलीबाहेर हाकललं असतं.

चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, मास्तरांचा फोन आला. मी दुसऱ्या गावी एका विक्रीत उभा होतो, समोर एक जुना बर्नर होता आणि तो दुसऱ्या कुणी उचलायच्या आत मला उचलायचा होता. मास्तर म्हणाले, सूनबाई हट्ट धरून बसलीय, आयुष्यभर इंजिनं नुसती बघितली, एकदा तरी चालताना दाखवा म्हणतेय. चालवू का? मी म्हणालो, चालवा की. पाणी पाऊण भरा, स्पिरिट मोजून घाला, दट्ट्याला तेलाचा थेंब सोडा. एवढं सांगून मी फोन ठेवला. बर्नर मला मिळाला.

पुढचं मास्तरांनी नंतर सांगितलं. स्वयंपाकघरात बर्नर पेटवला, दहा मिनिटांत बॉयलर गुणगुणायला लागला, पण चाक फिरेना. आत जुनं तेल घट्ट झालेलं असणार. अशा वेळी चाकाला बोटानं जराशी चालना द्यावी लागते. हे लेकीला ठाऊक होतं, लहानपणी मीच शिकवलं होतं. ती वाकली आणि तिनं बोट पुढं केलं. त्याच वेळी बॉयलरचं एका बाजूचं झाकण उडालं आणि तिच्या डाव्या डोळ्यावर बसलं.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेत होते. चेहऱ्यावर पट्ट्या होत्या, पण मान उघडी होती. मान आणि कानामागची कातडी पार सोलवटली होती. एकतीस वर्षं मी धुलाईखान्यात काढलीत, उकळत्या पाण्यानं भाजलेली कातडी मला दुरून ओळखू येते. एवढं पाणी अंगावर आलं म्हणजे बॉयलरात पाणी भरपूर होतं. पाणी होतं, वाफ झाली, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. त्या एका क्षणात मला सगळं कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

बाकावर मास्तर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. जावई भिंतीला टेकून उभा होता. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, यंत्र असं आपोआप फुटत नसतं हे त्याला माहीत होतं. त्यानं मला विचारलं, बाबा, तुम्हाला यातलं कळतं, हे झालं कसं? मास्तरांनीही मान वर केली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी कमी पडलं असेल."

बस, एवढंच. पण मी म्हणालो म्हणजे तसंच, हे या घरात ठरलेलं होतं. जावयानं बापाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मास्तर म्हणाले, मी चमच्यानं मोजून घातलं होतं रे.

डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला बस चालवायला देत नाहीत. डेपोनं तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. जो मार्ग ती चालवायची त्याची बस किती वाजता सुटते, हे ती आता लोकांना सांगते. घरी जावई बापाशी भांडला नाही, आरडाओरडा केला नाही, फक्त मास्तर जेवायला बसले की तो ताट घेऊन उठायचा. दोन महिने मास्तरांनी ते सोसलं. मग सायकल दुरुस्तीच्या एका दुकानावरची खोली घेतली आणि एक ट्रंक घेऊन निघून गेले. त्यांची सगळी इंजिनं त्यांनी त्यांच्या जुन्या शाळेला देऊन टाकली, पण सगळे बर्नर आधी काढून घेतले, कुणी पेटवू नये म्हणून.

आणि मी काय केलं? मी आठवड्यातून दोनदा लेकीकडे जात राहिलो. फळं न्यायचो. तिच्याजवळ बसायचो. एकदा ती म्हणाली, बाबा, तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले. मी मान डोलावली. मास्तरांच्या खोलीवर मात्र एकदाही गेलो नाही, तिथला जिना फार उभा आहे असं सांगत राहिलो. रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकू. मग वाटायचं, सांगून डोळा का परत येणार आहे? असं वाटून घ्यायला काही लागत नाही. सात महिने मी तेच करत आलो. मला माझी किळस येत होती आणि तरी मी दोन वेळा पोटभर जेवत होतो.

गेल्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमारास मास्तर माझ्या दारात उभे राहिले. मी ओळखलंच नाही आधी. सदरा खांद्यावरून लोंबत होता. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत आले आणि काही न बोलता डबा टेबलावर ठेवला. माझी अट त्यांच्या अजून लक्षात होती.

डब्यात इंजिनाचे तुकडे होते. स्वयंपाकघरातून त्यांनी एकेक गोळा करून ठेवले होते, स्क्रूसुद्धा. मी विचारलं, हे कशाला जपलंत? तेव्हा ते बोलायला लागले. सुनेनं त्यांना घरात यायला कधी मनाई केली नव्हती. ते जायला निघाले तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की मास्तर, तुमच्या हातून नेमकं काय झालं ते मला नीट सांगा, मला दुसरं काही नको. आणि त्यांना ते सांगता येत नव्हतं. त्या बॉयलरात बेचाळीस चमचे पाणी मावतं हे त्यांनी आधी मोजून ठेवलं होतं. पाऊण म्हणजे साडेएकतीस, म्हणून त्यांनी बत्तीस घातले. पण मोजताना सूनबाई गप्पा मारत होती, हसवत होती. कदाचित आकडा चुकला असेल. सात महिने रोज ते डोक्यात चमचे मोजत होते. कधी बत्तीस यायचे, कधी कमी.

"तुम्ही तुकडे बघून सांगू शकाल," ते म्हणाले. "किती कमी पडलं होतं, ते मला आकड्यात हवंय. तिला जाऊन सांगतो आणि माफी मागतो. मोघम माफी मागून काय उपयोग?"

मी चष्मा बदलला आणि भिंग घेतलं. हे काम मी डोळे मिटूनही केलं असतं. बॉयलर कोरडा पडून तापला की आधी सांधे जोडणारी कथलाची झाळ वितळते, तिचे थेंब ओघळून खाली गोठतात, पितळ निळंकाळं पडतं, भट्टीच्या रंगाला फोड येतात. इथं यातलं काहीही नव्हतं. झाळ कडेनं फाटली होती, वितळली नव्हती. पितळ पिवळंधमक. विटांची नक्षी जशीच्या तशी. बॉयलरच्या आत पाण्याचा पांढरा पट्टा उमटला होता, बरोबर पाऊण उंचीवर, पट्टी लावून आखल्यासारखा. मास्तरांचा एक चमचाही चुकला नव्हता. मग मी तो बोराएवढा व्हॉल्व्ह उचलला आणि खालून सुईनं गोळी दाबून बघितली. जोर लावला तरी ती हलली नाही. शंभर वर्षांचा क्षार आत बसून तिचा दगड झाला होता.

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी व्हॉल्व्ह खाली ठेवला.

"दोनेक चमचे कमी होतं," मी म्हणालो.

"दोन चमच्यांनी एवढं होतं?"

"होतं कधी कधी."

त्यांनी खिशातून चित्रांची छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. दोन चमचे. त्याखाली रेघ मारली. आणि मग त्यांनी मोठा श्वास सोडला, कितीतरी दिवसांनी कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवलं असावं तसा. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला मला, खोटं नाही सांगत. ते म्हणाले, बरं झालं व्याहीबुवा, आता मला जाऊन उभं राहता येईल, आज तिला सुट्टी आहे, आत्ताच जातो. माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी आभार मानले. हा माणूस न केलेल्या चुकीची माफी मागायला निघाला होता, आणि तिच्यासमोर ठेवायला मी त्याला खोटा आकडा दिला होता. ते चपला घालत होते. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"मास्तर, थांबा," मी म्हणालो. "पाणी बरोबर होतं."

ते एक चप्पल घालून तसेच उभे राहिले. मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, झाळेपासून पाण्याच्या पट्ट्यापर्यंत, मग व्हॉल्व्ह, तो मी तपासला का नाही ते, आणि इस्पितळात मला काय दिसलं होतं आणि मी काय बोललो होतो तेही. मी म्हणालो, मला मारा, काय वाट्टेल ते करा. हे म्हणणंसुद्धा किती स्वस्त होतं ते म्हणताम्हणताच मला कळलं.

ते टेबलाशी परत आले. एकेक तुकडा उचलून डब्यात ठेवायला लागले. चाक, दट्ट्या, झाकण, स्क्रू. व्हॉल्व्ह तेवढा बोटानं माझ्याकडे सरकवला आणि डबा बंद केला.

"सात महिने मुलगा माझ्यासमोर जेवला नाही," ते म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. "मी तिला काही सांगणार नाही. मी सांगितलं तर ते बचाव केल्यासारखं होईल. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा."

ते जिना उतरून गेले. मी खिडकीतून बघितलं. ते लेकीच्या घराकडे वळले नाहीत, आपल्या खोलीकडे गेले.

दुपारी मी लेकीकडे गेलो. या वेळी फळं नेली नाहीत. ती स्वयंपाकघरात कपडे इस्त्री करत होती. बाबा, आज मधेच कसे, असं म्हणत तिनं मला पाणी दिलं. ओतताना ती तांब्याची कड पेल्याला टेकवून घेते, कारण एका डोळ्याला अंतर कळत नाही. पाणी सांडलं नाही. मी पेला हातात धरून बसलो आणि सकाळी मास्तरांना सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ते नाही गेलं.

तिनं इस्त्री बंद केली, उभी करून ठेवली. मी वाट बघत होतो की ती रडेल, ओरडेल, निदान मला चार शब्द तरी सुनावेल. चूक कुणाच्याही हातून होते, असं तिनं म्हणावं अशी माझ्या मनात आशा होती. म्हातारा माणूस असा निर्लज्ज होतो.

"व्हॉल्व्हचं राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं कधी?"

आणि मला दिसलं की इथं अजून एक वाट आहे. आज सकाळी तुकडे बघितले तेव्हा, असं म्हणायचं. तिला ते पटलं असतं. मास्तर तोंड उघडणार नव्हते. ती माझ्यावर रागावली असती, मग हळूहळू राग गेला असता, आणि मी पुन्हा आठवड्यातून दोनदा फळं घेऊन आलो असतो. मी पेला खाली ठेवला.

"इस्पितळात," मी म्हणालो. "तुला आत नेत होते तेव्हा. तुझी मान बघितली तेव्हा."

तिचा हात मानेकडे गेला. तिथली कातडी अजून गुळगुळीत आणि लालसर आहे. ती उभी होती ती खुर्चीवर बसली.

"म्हणजे पहिल्याच दिवशी."

"हो."

"आणि मी रोज यांना म्हणत होते की मास्तरांना मुद्दाम नव्हतं करायचं, जाऊ दे. यांना समजावत होते. तुम्ही त्या खुर्चीत बसून ऐकत होतात बाबा. सफरचंद कापत होतात."

ती उठली. आतल्या खोलीत गेली आणि ओढणी घेऊन बाहेर आली. मास्तरांची खोली नेमकी कुठं आहे, कुठल्या दुकानावर, ते तिनं विचारलं. मी सांगितलं. मी येतो बरोबर, असंही म्हणालो. रस्ता ओलांडताना तिला डाव्या बाजूची गाडी दिसत नाही, त्या काळजीनं.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही इथं बसा. हे साडेसहाला येतील. त्यांना तुम्ही सांगायचं, मी नाही सांगणार. पहिल्यापासून सांगा."

ती गेली. मी तिच्या घरात एकटा बसून राहिलो. इस्त्री केलेले कपडे मेजावर तसेच होते, त्यात जावयाचा कामावरचा निळा शर्ट होता. सहा वाजले. मग सव्वासहा. उठून निघून जावं असं मला तीनदा वाटलं आणि तिसऱ्या वेळी मी दारापर्यंत गेलोही. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. दार उघडून जावई आत आला, मला बघून हसला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही केव्हा आलात, ही कुठं गेलीय?

मी म्हणालो, तुमच्या वडिलांना आणायला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांना कशाला, असं त्यानं विचारलं, आणि मी त्याला समोर बसायला सांगितलं.